धीरांक सत्त्याण्णव

स्नेहलचा फोटो आला तेव्हा मी आगाराच्या नियंत्रण कक्षात बसून भंडाऱ्याच्या गाडीसाठी चालक शोधत होते. फोटोत वाघीण होती. पाण्यात मागचे पाय बुडवून निवांत बसलेली, आणि कोपऱ्यात वेळ छापलेली, सकाळचे सहा अडतीस. खाली माझ्या बहिणीनं लिहिलं होतं, "ताई, अजिबात गर्दी नव्हती! गेलो, पाहिलं, आलो. तू का नाही जात बाबांना घेऊन?"

तू का नाही जात! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्या वर्षी मी बाबांना घेऊन मोहझरीच्या सफारी उद्यानात तीनदा जाऊन आले होते. पहिल्यांदा आम्हाला जिप्सी मिळाली पावणेअकराला, दुसऱ्यांदा सव्वाअकराला आणि तिसऱ्यांदा दहा वीसला. त्या वेळी वाघीण गवतात झोपलेली असते, आणि उन्हात बाबांना समोरचं झाडसुद्धा दिसत नाही. माझी बहीण पुण्याहून कंपनीच्या कामाला दोन दिवस नागपूरला काय येते, सहज म्हणून मोहझरीला काय जाते आणि पहिल्याच फटक्यात वाघीण बघून काय येते.

स्नेहलचं लहानपणापासून असंच. ती चार वर्षांनी धाकटी, पण नळावर तिची बादली आधी भरायची, कारण ती रडून गोंधळ घालायची. नवी सायकल तिला आली. लग्नसुद्धा तिचं आधी झालं. मोठी घरात असताना धाकटीचं कसं, असं चार लोक म्हणाले, तेव्हा मीच हसून म्हणाले होते, "होऊ द्या की, मी कुठे पळून चालले आहे?" खरंच कुठे गेले नाही. आज एकोणपन्नास वर्षांची आहे, एस.टी.त वाहतूक नियंत्रक आहे, आणि मानेवाड्याच्या घरात बाबांबरोबर राहते.

बाबा म्हणजे देवाजी निकुरे, निवृत्त वनरक्षक. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ब्रह्मपुरीकडे एका धानाच्या बांधीत त्यांना वाघाचं महिन्याभराचं पिल्लू सापडलं होतं. आई परत येते का ते पाहायचं म्हणून ते दोन दिवस आणि दोन रात्री झाडावर बसून राहिले. आई आली नाही, ती आदल्याच दिवशी कोणाच्या तरी विजेच्या कुंपणात गेली होती. मग बाबांनी पिल्लाला शेळीचं दूध पाजलं, तिचं नाव गोदी ठेवलं, आणि आठवड्यानं वरच्या साहेबांच्या स्वाधीन केलं. तीच गोदी आता अठरा वर्षांची झाली होती, मोहझरीची सगळ्यात म्हातारी वाघीण. दिवाळीनंतर तिला म्हाताऱ्या जनावरांच्या बंद विभागात हलवणार होते, तिथे लोकांना जाऊ देत नाहीत. भाऊबीजेचा दिवस शेवटचा.

इकडे बाबांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललेला. भर उजेडात त्यांना सगळं पांढरं दिसतं. सकाळी ऊन चढायच्या आधी, कोवळ्या उजेडात, अजून थोडंफार दिसतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही राहील असं सांगू शकत नाही."

म्हणजे सकाळी आठच्या आत, दिवाळी संपायच्या आत. मला एवढंच हवं होतं.

आता ही वेळ कोण ठरवतं ते सांगते. 'मोकळी वाट' नावाची यंत्रणा ठरवते. आधी मोहझरीला चालू झाली, मग दवाखाने, बँका, देवळं, सगळीकडे आली. हातात एक पट्टी बांधायची, आणि पट्टी सांगेल तेव्हा सांगेल तिथे जायचं. त्या दिवाळीला आमच्या आगारातही ती बसवायची होती, म्हणून कंपनीच्या खोब्रागडे मॅडम आमच्याकडे महिनाभर येत होत्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या बाई. मी त्यांना चहा पाजला आणि सरळ विचारलं, "मॅडम, माझ्या बहिणीला पहिल्याच वेळी सकाळचं कसं मिळालं हो?"

त्यांनी चहाच्या कपाभोवती सहा बिस्किटं मांडली.

"ताई, समजा मी सगळ्यांना खरं सांगितलं की साडेसातला गर्दी नसते. काय होईल?"

"साडेसातला गर्दी होईल." एवढं मला कळतं. जादा गाडीची घोषणा केली की तीच गाडी आधी भरते.

"बरोबर. म्हणून गर्दीचा अंदाज सगळ्यांना सारखा सांगून चालतच नाही. प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी लागते. आणि वाट पाहणं काही नाहीसं होत नाही. वाघाच्या विभागात तासाला अठ्ठावीस जिप्सी सोडतात, एकही जास्त नाही. लोक तीन हजार आले, तर कोणाला तरी थांबावंच लागणार. प्रश्न एवढाच, की कोणाला थांबवायचं?"

"आधी येईल त्याला आधी."

"मग लोक रात्रीपासून येऊन बसतात. आम्ही सुरुवातीला चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं. पण ज्यांना उशिराची वेळ आली त्यातले काही भडकले, रांगा तोडून घुसले, आणि एक घुसला की मागच्या दोनशे जणांचं गणित कोसळतं. मग यंत्रणा शिकली." मॅडमनी एक बिस्किट उचलून बाजूला ठेवलं. "कोण किती वेळ थांबल्यावर रांग सोडतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याला आम्ही धीरांक म्हणतो, शून्य ते शंभर. धीर कमी असलेल्याला पुढे काढायचं, धीर जास्त असलेल्याला थांबवायचं. रांगा तुटत नाहीत, भांडणं होत नाहीत. एकूण त्रास निम्म्यावर आला, ताई. आकडे आहेत."

"आणि कुटुंब असलं तर?"

"गटात जो सगळ्यात आधी बिथरेल, त्याचा धीरांक सगळ्या गटाला लागतो."

मी माझी पट्टी पुढे केली. त्यांनी आपल्या यंत्रावर वाचली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"सत्त्याण्णव!" त्या कौतुकानं म्हणाल्या. "मी एवढा कधी पाहिला नव्हता."

शाळेत कधी सत्त्याण्णव पडले नाहीत मला. त्या दिवशी पडले, आणि कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. दवाखान्यात बाबांच्या औषधासाठी दोन दोन तास उभी राहिले, ते सगळं या पट्टीनं मोजलं होतं. आणि त्याचं बक्षीस म्हणून मला आणखी उभं केलं होतं. आमच्या घरानं जे केलं तेच यंत्रानं केलं. जी ओरडते तिला आधी, जी ओरडत नाही तिला नंतर.

"पण मॅडम, मी आतून चिडलेली असते हो," मी म्हणाले. "रक्त उकळत असतं माझं."

"ते पट्टीला कळत नाही, ताई. ती मन वाचत नाही, पाय वाचते. तुम्ही जागचे हललात का, एवढंच."

मग जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन जणांनी आपसात वेळ बदलायची ठरवली तर यंत्रणेत तशी सोय आहे, परस्पर अदलाबदल. दोघांनी पट्ट्या एकमेकींना लावायच्या, झालं. "तुमच्याकडे चालक ड्युटी बदलतात तसं. पण कोणी वापरत नाही. लवकरचं मिळालेले कशाला देतील? आणि उशिराचं मिळालेले मागत नाहीत. मागणारे असते तर त्यांना उशिराचं मिळालंच नसतं."

ड्युटी बदलीच्या चिठ्ठ्यांवर मी रोज सह्या करते. चालक किती सहज मागतात एकमेकांना! 'माझ्या पोराचा वाढदिवस आहे, माझी गोंदिया घे, तुझी वर्धा दे.' मला ते कधी जमलं नाही. मी मागायच्या आधी समोरच्याला कळलं पाहिजे, असं मला वाटत राहतं. आणि समोरच्याला काही कळत नाही.

मी ठरवलं, धीरांक पाडायचा. दिवाळीला तीन आठवडे होते.

दुसऱ्याच दिवशी बँकेत पट्टीनं चाळीस मिनिटं सांगितली, मी दहाव्या मिनिटाला तरातरा बाहेर पडले. काम राहिलं ते राहिलं. पिठाच्या चक्कीवर "किती वेळ लावता हो!" म्हणून ओरडले, तर चक्कीवाला म्हातारा इतका घाबरला की दुसऱ्या कोणाचं तरी ज्वारीचं पीठ माझ्या डब्यात घालून मोकळा झाला. देवळात रांग तोडून पुढे गेले आणि देवासमोर उभी राहून त्याचीच माफी मागितली. दवाखान्यात मात्र घोटाळा झाला. बाबांच्या थेंबांची रांग सोडून मी ऐटीत फाटकापर्यंत गेले, पण थेंब संपले होते, आणि बाबा घरी वाट पाहत होते. परत येऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिले. खोब्रागडे मॅडमनी संध्याकाळी पट्टी वाचली आणि हसल्या. "सोडून परत येऊन उभे राहणारे फार थोडे, ताई. त्यांचा वाढतो."

तरीही तीन आठवड्यांत मी सत्त्याण्णववरून एक्क्याऐंशीवर आले. भाऊबीजेसाठी मी आणि बाबा असं दोघांचं नाव टाकलं आणि पट्टीवर वेळ आली, सात दहा. मी नियंत्रण कक्षातच टाळी वाजवली.

त्याच दिवशी दुपारी स्नेहलचा फोन. "ताई, आम्ही दोघं येतोय दिवाळीला. गोदीचा शेवटचा दिवस आहे ना? मी चौघांचं एकत्र टाकते. माझ्याबरोबर असलं की लवकरचं मिळतंच."

माझ्याबरोबर असलं की. तिला धीरांक वगैरे काही माहीत नव्हतं. आपलं नशीबच चांगलं, असं ती समजत होती, आणि ते मला जास्तच झोंबलं. बाबा गोदीला बघणार आणि पुढे जन्मभर सांगणार, स्नेहलनं दाखवली. वर्षभर डोळ्यांत थेंब मी घालायचे, आणि वाघीण तिनं दाखवायची!

"काही गरज नाही," मी म्हणाले. "बाबांचं मी माझ्याबरोबर टाकलंय." एका माणसाचं नाव एका दिवसात एकाच गटात टाकता येतं, हे मला माहीत होतं. "तुम्ही तुमचं बघा."

"बरं बाई," ती म्हणाली. "चिडतेस काय?"

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही चौघं एकाच गाडीतून निघालो. स्नेहलचा नवरा अभिजित गाडी चालवत होता, भला माणूस, फारसं बोलत नाही. बाबांनी जुना खाकी स्वेटर घातला होता. ते खिडकीची काच खाली करून वास घेत होते. "मोहाचं रान आलं," ते मध्येच म्हणाले, आणि खरंच आलं होतं.

मोहझरीच्या फाटकापाशी जत्रा भरली होती. सहा वाजता पट्ट्या तपासल्या. स्नेहल आणि अभिजितला सहा पंचेचाळीस, आम्हाला सात दहा. मी बाबांना सागाच्या झाडाखाली बाकावर बसवलं आणि मनात म्हणाले, आज माझी पाळी.

सहा वीसला दुसऱ्या फाटकावर आरडाओरडा झाला. कुठलीशी तीन कुटुंबं उशिराची वेळ न पटून आत घुसली होती. पाच मिनिटांत माझी पट्टी थरथरली. *गर्दीच्या फेरआखणीमुळे आपली नवी वेळ सात चाळीस. आपल्या सहकार्याबद्दल आभार.* मी चडफडले, पण म्हटलं चालेल, सात चाळीसला अजून उजेड कोवळा असतो. सहा पस्तीसला पुन्हा थरथरली. *नवी वेळ आठ पंचवीस. आपल्या सहकार्याबद्दल आभार.*

तीन आठवड्यांचं सोंग एका सकाळीत उघडं पडलं होतं. एक्क्याऐंशी म्हणजे काही कमी नव्हे. तिथे जमलेल्या तीन हजारांत आमच्यापेक्षा जास्त थांबणारं कोणी नसावं.

आता काय करायचं ते मला ठाऊक होतं. उठायचं, फाटकावर जायचं आणि तोंड वाजवायचं. मी उठले. चार पावलं टाकली. फाटकावरची मुलगी घामाघूम झाली होती, तिच्याभोवती पन्नास माणसं ओरडत होती. आगारात दिवाळीत मी तिच्या जागी असते. मी पाचवं पाऊल टाकू शकले नाही. रक्त उकळत होतं आणि पाय तिथेच.

परत बाकाशी आले. "बाबा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "तुम्ही तरी चिडा ना. उठा, ओरडा, निघून जायची धमकी द्या. मग सोडतील ते आपल्याला."

"कोनावर चिडू?" बाबांनी विचारलं.

"कोणावरही."

ते हसले. "वाट पाह्यनाऱ्याले चिडून कसं जमन, करुणा? झाडावर बसलो होतो तवा चिडलो असतो तं पिल्लू काय वाचलं असतं?" मग त्यांनी चेहरा वर केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ऊन आलं का गं? मले जरा पांढरं पांढरं दिसून रायलं."

मी वर पाहिलं. सागाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं.

पलीकडे जिप्सींच्या फलाटावर स्नेहल आणि अभिजित पोचले होते. या जिप्सी आता बॅटरीवर चालतात, पण सगळे अजून जिप्सीच म्हणतात. स्नेहल गॉगल डोक्यावर चढवून स्वतःचे फोटो काढत होती. तिनं मला हात केला. सहा एक्केचाळीस. चार मिनिटांत ती जाणार होती. तिला गोदीची ना ओळख ना देख, एकदा बघून झालेली, तरी पुन्हा तीच जाणार होती. आणि बाबा इथे बाकावर उन्हाची चौकशी करत होते.

फोन लावायला मला किती वेळ लागला ते कोणत्याही पट्टीनं मोजलं नाही. कदाचित अर्धं मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी तिची सायकल आठवली, तिचं लग्न आठवलं, नळावरची बादलीसुद्धा आठवली. मग लावला.

"स्नेहल, तुझी पाळी मला दे."

"काय?"

"तुझी वेळ. मला आणि बाबांना दे. आमची आठ पंचवीसची तू घे. पट्ट्या एकमेकींना लावल्या की होतं. ऊन चढलं की त्यांना दिसत नाही. मला पाहिजे आहे ती." माझा आवाज इतका कोरडा होता की मलाच परका वाटला.

ती फलाटावरून पळतच आली, अभिजित तिच्या मागे. "अगं मग बोलायचं ना आधी! महिनाभर तोंड शिवून बसलीस! मी चौघांचं टाकते म्हणाले तर माझ्यावरच गुरगुरलीस!" असं सगळ्या लोकांसमोर मोठ्यानं बोलत तिनं आपलं मनगट माझ्या मनगटावर आपटलं. तिच्या पट्टीवर अक्षरं उमटली. ती मोठ्यानं वाचू लागली, "*आपण सुमारे एकोणीस मिनिटांत रांग सोडाल असा अंदाज आहे. आपण रांग सोडल्यास अदलाबदल रद्द होऊन समोरच्या गटाची जिप्सी परत बोलावली जाईल. तरीही पुढे जायचे?* शी! काय आगाऊ आहे हे!" आणि तिनं 'हो' दाबलं.

बाबांना धरून मी जिप्सीत चढवलं. सहा सेहेचाळीसला निघालो.

वाघाच्या विभागात थंडी होती. गवतावर दव होतं. आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक बाईंनी पाणवठ्यापाशी जिप्सी थांबवली. पाणवठा रिकामा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबा पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गजावर. मी गवताकडे बघतच नव्हते, घड्याळाकडे बघत होते. अदलाबदल केल्यापासूनचं अठरावं मिनिट लागलं.

एक गोष्ट कबूल करते. त्या वेळी माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं की स्नेहलनं रांग सोडावी. म्हणजे सगळ्यांना कळेल की थांबणं म्हणजे काय असतं, आणि ते कोणाला जमतं, कोणाला नाही. बाबा शेजारी बसलेले असताना माझ्या मनात हे आलं. इतकी मी जळत होते.

एकोणिसावं मिनिट गेलं. विसावं गेलं. पट्टी गप्प होती. एकविसाव्या मिनिटाला बाबांनी माझा दंड धरला.

"आली."

मला काही दिसत नव्हतं. नुसतं पिवळं गवत.

"डाव्या कानाले खाच हाय," बाबा म्हणाले. "तारंत अडकली होती तवाची. पाह्य, हाय का नाही?"

मग गवत हललं आणि गोदी बाहेर आली. हाडं वर आलेली, चाल जड. ती पाण्याशी आली आणि तिनं मान वळवली. तिच्या डाव्या कानाला खाच होती. माझ्या आधी, मार्गदर्शक बाईंच्या आधी, बाबांनी ती पाहिली होती.

"म्हातारी झाली गं," बाबा म्हणाले. एवढंच. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सव्वासात झाले होते. मी रांगेकडे पाहिलं. स्नेहल तिथेच उभी होती. गॉगल डोळ्यांवर, चेहरा लाल, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. अभिजित तिच्यासाठी पाण्याची बाटली धरून उभा होता. तिच्या पुढे-मागे माणसं भांडत होती, आणि माझी बहीण जागची हललेली नव्हती.

"दिसली?" तिनं लांबूनच ओरडून विचारलं.

"दिसली," बाबा म्हणाले. आवाजाच्या दिशेनं ते तिच्यापर्यंत गेले, तिच्या गालावरून हात फिरवला. "तू तं अगदी करुणासारखी उभी रायली, बाप्पा."

स्नेहल एकदम रडायलाच लागली. मग डोळे पुसून मला मनगट दाखवत म्हणाली, "हे बघ ना, आठ पंचवीसचे नऊ चाळीस केले मेल्यांनी! सहकार्याबद्दल आभार म्हणे. आणि अदलाबदल केल्यापासून खाली हा आकडा कसला दिसतोय? आधी तेवीस होता. आता सदुसष्ट झाला."

सदुसष्ट! अर्ध्या तासात चव्वेचाळीस. मला तेवढ्यासाठी आयुष्य लागलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. बाबांनी गोदीला पाहिलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. शिवाय मी इतकी वर्षं उभी होते हे बाबांना माहीत होतं, ते आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पण ऐकलं कुठे, तर स्नेहलच्या कौतुकात! सायकल गेली, लग्नाचा मान गेला, ते सगळं मी सोडून दिलं होतं. माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त असलेली एकच गोष्ट होती, थांबणं. आज तीही तिनं घेतली, आणि मीच ती तिच्या मनगटावर टेकवून दिली होती. 

"तुम्ही गाडीत जाऊन बसा," स्नेहल नाक ओढत म्हणाली. "बाबांना ऊन लागेल. आम्ही येतो नंतर."

"अभिजित, बाबांना सावलीत बसवून चहा द्या," मी म्हणाले. माझी पट्टी थरथरली. *आपली सफारी पूर्ण झाली आहे. कृपया बाहेर पडा.* मी पट्टी सोडवली आणि पर्समध्ये टाकली.

"तू काय करतेस?" स्नेहलनं विचारलं.

"उभी राहते."

"कशाला? तुझं तर झालं!"

"सरक," मी म्हणाले.

ती माझ्यासाठी मागे जागा करायला लागली. मी तिच्या मागे उभी राहिले नाही. दोरीखालून वाकून तिच्या पुढे जाऊन उभी राहिले. मोठी आहे मी.